पक्की गाठ

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. हातात गॅसचा लाल फुगा, लेकीसाठी आदल्या संध्याकाळी घेतलेला. गिरणीत यंत्रं सांभाळतो, असं त्यानं बसताच सांगितलं होतं; अशा माणसाला फुग्यातलं काय कळायचं राहतंय, असा चेहरा.

लाँच सुटली तेव्हा फुगा त्याच्या टोपीच्या वर होता. थोड्या वेळानं नाकासमोर आला. दोष गाठीचा, हे त्यानं लगेच ओळखलं. खिशातून दोऱ्याचं रीळ काढून फुग्याची मान आणखी आवळली. मांडव्याचा किनारा दिसू लागला तोवर फुगा छातीशी आला होता. त्यानं पुन्हा दोरा गुंडाळला. गॅस जात होता तो जात होताच, वर आता फुग्याला दोऱ्याचं ओझं झालं.

मला राहवेना. म्हटलं, "अहो, गॅस गाठीतून जात नाही, रबरातूनच जातो. माठ पाझरतो ना, तसा."

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "माठाला गाठ कुटं असते?"

समोरच्या बाकावरच्या चौघांनी माना डोलावल्या. माझं विज्ञान तिथंच संपलं.

रेवसच्या धक्क्यावर लेक आईबरोबर आली होती. फुगा आता गुडघ्याच्या उंचीवरच तरंगत होता. तिनं दोरा धरून धूम ठोकली आणि फुगा वासरासारखा तिच्या मागं निघाला.

"बाबा, ह्यो माज्यामागं चालतो," ती हरखून ओरडली.

बाप माझ्याकडे वळला. "बगितलंत? गाठ जरा तरी सुटली?"

गाठ खरंच सुटली नव्हती.