मंडईच्या दिवशी कोणालाच चढली नाही

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, बरं का. कोणाला चकवा लागला म्हणे, की मी आधी विचारायची — बाबा, येत कुठून होतास? दारूच्या दुकानाकडून ना... मग झालं! पण ही गोष्ट मी भर दुपारी पाहिली, अख्ख्या गावासोबत.

मूल गावाहून सावली गावाकडे जाताना वाटेत आमचं गाव. तेव्हा नागपूर अजून मध्यप्रदेशची राजधानी होतं. आमचे हे गावच्या दंडारीत, नाचगाण्याच्या खेळात, ढोलकी वाजवत, धाकटे दीर नामदेवभाऊजी लुगडं नेसून नाचत. दोघंही पिणारे, खोटं कशाला सांगू. पण धान निसवलं, लोंब्या दिसल्या की मारुतीच्या पारावर यांच्या हातून तालमीचा नारळ फुटायचा, आणि तिथपासून दिवाळीनंतरच्या मंडईपर्यंत, म्हणजे गावच्या जत्रेपर्यंत, दंडारवाले थेंबाला शिवत नसत. तेवढ्याच दिवसांत मी संसार केला म्हणा ना.

एका वर्षी पंचायतीत विषय निघाला — गावात दारूचं दुकान ठेवायचं का, खेळतमाशाला परवानगी द्यायची का. आम्ही बाया गेलो, दुकान बंद करा म्हणून.

सरपंच म्हणाले, "दुकानाले सरकारचं लायसन हाये बाई. दंडार बंद करू. दंडारीनं गर्दी होते, गर्दी झाली का माणूस पेते."

मी दारातूनच बोलले, "भाऊ, नारळ फुटला का आमच्या घरी बाटली येत नाई. तुमी दारू नाई, नारळ बंद करून राह्यले!"

"ढोलकीवाल्याची बायको, वाजनच ना!" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. हसता हसताच हात वर झाले. दुकान राहिलं, दंडार गेली.

त्या वर्षी नारळ फुटला नाही. हे पीतच राहिले... होळीच्या आधी गेले. ढोलकी खुंटीवर, भाऊजी दुकानात. मला एकच धास्ती — आता भाऊजीही जाणार.

पुढल्या मंडईच्या सकाळी पाण्याला निघाले, तर पारावर नारळ फोडलेला. ताजा, पाणी अजून ओघळत होतं. एक वाटी उताणी, एक पालथी. तशी ठेवायची सवय गावात एकाच माणसाची होती... पाण्याचा पितळी गुंड तिथंच ठेवून मी विचारत सुटले. ज्याला विचारावं तो म्हणे, "मी नाई फोडला वो बाई."

दुपारी मंडई भरली, दुकानावर झुंबड. आणि कोणालाच चढेना! माणसं पितात नि एकमेकांकडे पाहतात.

"काऊन बे, पाणी पाजून राह्यला का?" लोकांनी दुकानाच्या ठेकेदाराची गचांडीच धरली. त्यानं चुलीत ओतून दाखवली — भक्कन पेटली! मग सरपंचांनी स्वतः दुसऱ्या मडक्यातली घेतली. घेतच राहिले. तेही कोरडेच.

संध्याकाळी भाऊजी सरळ पावलांनी घरी आले. "वहिनी, जेवाले वाढ." कितीतरी दिवसांनी. जेवता जेवता खुंटीवरच्या ढोलकीकडे पाहून म्हणाले, "पेलो वो भलता. लागलीच नाई. दादा बसला होता का तिथी?"

मी भाकर वाढली.

दुसऱ्या दिवशी त्याच मडक्यातली पिऊन माणसं नालीत पडली. त्यांत भाऊजीही होते.

पंचायतीत पुन्हा विषय आला तेव्हा मी पुन्हा दारात. "सरपंचभाऊ, मंडईले तुमाले तरी चढली होती का? सांगा गावापुढं."

ते खाली पाहत म्हणाले, "शिळी असन."

शिळी! पेटताना सगळ्यांनी पाहिली होती... ठराव तसाच राहिला. भाऊजी पुढे दोन पावसाळे टिकले.

माझ्या नातीचे मास्तर म्हणतात, असं होऊच शकत नाही. नसेल होत. नारळ कोणी फोडला, ते मला आजही सांगता येत नाही. पंचायतीत त्या दिवशी हात कोणी वर केले, ते मात्र एकेकाचं नाव घेऊन सांगते.