गुड्डूला झोपू द्या

आज सकाळी आमचा गुड्डू मेला आणि मला धड रडूही दिलं नाही कोणी.

गुड्डू म्हणजे आमचा बजी, छोटा पोपट. हिरवा, मुठीत मावेल एवढा. सौंदडच्या घरी पुढच्या खोलीत त्याचा पिंजरा असायचा.

बातमी बाहेर पडायचा अवकाश, अर्जुनी मोरगावहून आत्याबाईंचा फोन. माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. हुंदके देऊन राहिल्या होत्या.

"भाऊ दुसऱ्यांदा गेला व सूनबाई!"

घ्या.

इतकी वर्षं घसा कोरडा केला मी. तो मामाजी नव्हता हो. पाखरू होतं ते. पाखरू!

मामाजी म्हणजे माझे सासरे. गुड्डू खरा त्यांचाच. आणला होता माझ्या मुलीसाठी, गोंदियाच्या बाजारातून. तिचा उत्साह आठवडाभर टिकला. मग मामाजींनी त्याचा ताबा घेतला आणि माझ्या संध्याकाळीचं वाटोळं झालं.

दिवेलागण झाली की टीव्ही बंद. कुकरची शिट्टी बंद. मिक्सर तर विसराच. मामाजी पिंजऱ्यावर आपला दुपट्टा टाकणार, ट्यूबलाईटचं बटन बंद करणार आणि अंधारात खाटेवर बसून राहणार. गुड्डू चोच घासायला लागला, कर्र कर्र, की समजायचं आता झोपतोय. तोपर्यंत आम्ही आपल्याच घरात चोरासारखे फिरायचो.

माझी सिरियल नेमकी तेव्हाच असायची.

"मामाजी, पाखरू आहे ते. कलेक्टर नाही."

"पाखराले अंधार लागते व बाई. मधातच उजेड पडला का भेते, पंख आपटते. आपल्याले झोप नाही झाली त आपण चिडतो. ते त मरून जाईल."

खरं होतं त्यांचं. एकदा भारनियमनात लाईट गेली, बटन चालूच राहिलं. रात्री लाईट आली तशी सगळी खोली लख्ख झाली आणि गुड्डू पिंजऱ्यात धडाधड आपटला. पंखातून रक्त. मामाजी हळद घेऊन बसले आणि सगळ्या घराशी अबोला धरला.

मग मामाजी गेले. हार्ट अटॅक. जेवता जेवता.

घर पाहुण्यांनी भरलं. सगळीकडे लाईट, सगळीकडे माणसं. संध्याकाळ झाली तसा गुड्डू ओरडायला लागला.

"रडून राहिलं व माय!" आत्याबाई म्हणाल्या. "भाऊसाठी पाखरू रडून राहिलं!"

रडत नव्हता हो. झोप येत होती त्याला!

पण ऐकतो कोण? मी पिंजरा झाकला की कोणीतरी कापड बाजूला करायचं आणि मोबाईलचा टॉर्च मारून बघायचं, अजून रडतोय का. स्वयंपाकघरात नेला, तिथे बाया जमल्या. मागे पडवीत नेला, तिथे पोरं. पंखातून पुन्हा रक्त यायला लागलं. दाणा खाईना. मला वाटलं, आता हाही जातो.

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस गेला ती जागा सारवून तिथे तांदळाचं पीठ पसरतात आणि रात्री त्यावर टोपली झाकतात. सकाळी बघतात, पिठात कशाचे पाय उमटले. ज्याचे पाय, त्याच्या जन्माला माणूस गेला. सकाळपर्यंत टोपलीला कोणी हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही म्हटल्यावर माझं डोकं चाललं.

सगळे आडवे झाले तसा मी गुड्डूला हळूच मुठीत धरलं आणि टोपलीखाली सोडलं. अंधार, शांतता, ना टॉर्च ना आत्याबाई. कान लावून बसले. थोड्या वेळाने आवाज आला. कर्र कर्र.

बाई बाई, काय बरं वाटलं म्हणून सांगू!

पहाटे उचलून पिंजऱ्यात ठेवला. पिठाचा विचार माझ्या डोक्यातच नव्हता.

सकाळी आत्याबाईंनी टोपली उचलली. पिठात पाखराचे पाय. इथून तिथून, नुसते पायच पाय.

सगळ्यांनी हात जोडले. आत्याबाई तर लोळायच्याच बाकी होत्या.

मी तिथल्या तिथे सांगितलं, "अहो, गुड्डू होता तो! मीच ठेवला होता!"

"चूप राय व बाई! भाऊनंच तुह्या हातानं ठेवून घेतलं त्याले."



नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणे, "जाऊ दे ना. त्यांना बरं वाटून राहिलं त वाटू दे."

"आणि गुड्डूला?"

"त्याले काय समजते?"

तेव्हापासून आमच्याकडे संध्याकाळी दर्शन सुरू झालं. येणारा येतो, लाईट लावतो, "भाऊ, बोला ना" म्हणत पिंजरा हलवतो. एकाने तर चिमूटभर खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा, ठेवला आत, मामाजींना आवडायचा म्हणून. पाखराला खर्रा! मी त्या माणसाला अंगणाबाहेर काढून आले.

रोज माणसं हाकलायची, बटन बंद करायचं, झाकायचं आणि अंधारात खाटेवर बसून राहायचं. नातेवाईकांत माझं नाव झालं, सून सासऱ्याला भेटू देत नाही. होऊ द्या. पाखरू जगलं ना इतकी वर्षं?

आता आत्याबाई गाडीत बसल्यात. "आम्ही येतपर्यंत ठेव व, रातभर दिवा लावू, भजन करू."

रातभर दिवा.

मी नाही ठेवला. मागे जामाच्या झाडाखाली खड्डा करून पुरून टाकला. येऊ द्या त्यांना, करू द्या तमाशा.

फक्त माती लोटताना तोंडातून निघून गेलं, "झोपा आता, मामाजी."

हातातली माती हातातच राहिली. मग खूप रडले.

हे आत्याबाईंना कोणी सांगू नका, नाहीतर माझं काही खरं नाही.

गुड्डू, आमच्या सगळ्यांचा तुला शेवटचा रामराम.