सात मिनिटं नारळ धरून

तुमच्या आईने तुम्हाला पाठवलेला व्हिडिओ बावीस सेकंदांचा आहे. त्यात एक म्हातारी मंचावर दोन्ही हातांत नारळ धरून उभी आहे, आणि तिच्या शेजारी अंगावर शाल घेतलेला एक दाढीवाला गृहस्थ माणसाहून उंच वाद्य वाजवतो आहे. थोरलीने फोनवर विचारलं, "आजी, तू तिथे नेमकं काय करत होतीस?" मागे धाकटा हसत होता, ते मला स्वच्छ ऐकू आलं. माझी श्रवणशक्ती उत्तम आहे. पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमच्या नगरला दर हिवाळ्यात दोन संध्याकाळी संगीत महोत्सव भरतो. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे आणि मंचावरून मी ते न चुकता घेते, पण घरात जीभ अजून जुन्याच वळणाने जाते. एका शाळेच्या पटांगणात मंच घालतात. मागे निजामशाहीच्या काळातली दगडी भिंत आहे, तिच्यावर पिवळे दिवे सोडतात, आणि त्या दिव्यांत आम्ही सगळेच जरा बरे दिसतो. पहिल्या दिवशी फक्त शास्त्रीय. दुसऱ्या दिवशी आधी जॅझ, मग शास्त्रीय गायन. जॅझ आणलं की तरुण मंडळी येतील असं समितीला वाटलं होतं. ती येतात आणि मागे उभी राहतात, कारण पुढच्या खुर्च्या आम्ही कानटोप्या घालून पाच वाजल्यापासून धरलेल्या असतात.

या महोत्सवाचं सूत्रसंचालन बारा वर्षं माझ्याकडे होतं. कारण एकच, माझं इंग्रजी. जॅझवाल्यांशी बोलायला कुणीतरी हवं आणि मी कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा विचारच झाला नाही. निदान मी तो होऊ दिला नाही.

गेल्या वर्षी मात्र घोटाळा झाला. एका सतारवादकांची ओळख करून देताना मला थोडा वेळ लागला. तुमच्या आजोबांनी तो मोजला, अठरा मिनिटं. तेवढ्या वेळात त्या सज्जन माणसाने सतार दोनदा पुन्हा जुळवली. पुढे सगळंच लांबलं. दहाला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, तसा नियमच आहे. त्यामुळे शेवटच्या गायकांची भैरवी राहिली. भैरवीशिवाय लोक घरी गेले, आणि वर्षभर भाजी घेताना मला ते ऐकवत राहिले.

म्हणून यंदा समितीचे अध्यक्ष, आमचे जुने डॉक्टर, घरी आले आणि चहाला हात लावण्याआधीच म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या दिवशी आठ म्हणजे आठ. आठला गाणाऱ्या बाई मंचावर बसल्या पाहिजेत. एक मिनिट जरी उशीर झाला, तरी पुढच्या वर्षी माइक धाकट्या वहिनींकडे."

धाकट्या वहिनी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचं मराठी गोड आहे, आवाज गोड आहे, आणि ती थोडक्यात बोलते. तिचं इंग्रजी मी चाळीस वर्षं दुरुस्त करत आले आहे. तिने माझ्याकडून कधी काही मागून घेतलं नाही, हीच तिची मोठी खोड.

"देऊन टाक की," तुमचे आजोबा म्हणाले. "आपण मागे बसून भजी खाऊ."

मी दिलं नाही. मी कार्डं करायला बसले. पिवळी शास्त्रीय गायनाची, निळी जॅझची, गुलाबी सत्काराची. आमच्याकडे गाणं असो की पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, पाहुण्याला शाल आणि नारळ दिल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. गुलाबी कार्डावर मी लाल शाईने लिहिलं: सात पन्नास, सत्कार. सात पंचावन्न, मंच रिकामा. आठ, गायन. शिवाय आठवडाभर जॅझबद्दल वाचलं आणि वहीत टिपणं काढली. नवीन विषय शिकवायचा असला की मी कॉलेजात हेच करायचे. मुलांना तो का समजत नसे, ते मला तेव्हाही कळलं नाही.

दुपारी कलाकार आले. चौघं जण होते. त्यांचा प्रमुख तो दाढीवाला, उंच वाद्य वाजवणारा; तो गोव्याचा होता आणि चौघांच्या वतीने सत्कार त्याचाच व्हायचा होता. त्या वाद्याला डबल बेस म्हणतात. मी त्याला माझ्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीत वेळापत्रक समजावलं. तो प्रत्येक वाक्याला नम्रपणे मान डोलवत होता. मला वाटलं, माझ्या उच्चारांचा परिणाम आहे.

मग आमचा साऊंडवाला आला. देवळाली प्रवऱ्याचा. लग्नं, कीर्तनं, कारखान्याच्या सभा, सगळ्यांचा आवाज तोच सांभाळतो.

"मॅडम," तो म्हणाला, "ह्ये जॅझ कुठं संपतं ते कळत न्हाई बरं का. मी टेबलावरनं हात करीन, मंगच उठा."

"मी सगळं वाचलंय हो," मी म्हणाले.

"वाचलं आसंल. पर आमी मशिनीच्या लायटीकडं बघतो. लाईट नाचतीय तवर वाजतंय."

मी हसले. कसं हसले ते आता आठवलं की अंगावर काटा येतो.

संध्याकाळी निळ्या कार्डावरून मी प्रेक्षकांना जॅझ समजावून सांगितलं, फक्त चार मिनिटांत. "एकेक वादक आळीपाळीने एकटा वाजवेल. त्याचं झालं की टाळ्या वाजवायच्या. पण रसिकहो, त्याचा अर्थ वादन संपलं असा नाही." हे शब्द माझेच आहेत. रेकॉर्डिंग आहे.

सात अठ्ठेचाळीसला सॅक्सोफोनवाल्याने त्याचं एकट्याचं वाजवणं संपवलं. पटांगण शिकवल्याप्रमाणे टाळ्यांनी भरून गेलं. त्याने वाद्य स्टँडवर ठेवलं आणि बाजूला जाऊन पाणी प्यायला. पियानोवाल्याने हात मांडीवर घेतले. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. मी घड्याळ पाहिलं, सात एकोणपन्नास. एक मिनिट आधीच! त्या क्षणी जॅझवर माझं मनापासून प्रेम बसलं. सत्कार डॉक्टरांच्या हस्ते व्हायचा होता, पण ते गाणाऱ्या बाईंना आणायला गेले होते. वाट पाहिली असती तर मिनिट गेलं असतं, आणि मिनिटाबरोबर माइकही. मी शाल खांद्यावर टाकली, नारळ उचलला आणि निघाले. टेबलावरून साऊंडवाला दोन्ही हात जोरजोरात हलवत होता. मी समजले, जा, जा म्हणतोय.

अगदी जवळ गेल्यावर मला गोव्याच्या गृहस्थाची बोटं हलताना दिसली. डोळे मिटलेले होते आणि तो एकटा, खूप खालच्या सुरात वाजवत होता. टाळ्यांखाली मला ते ऐकूच आलं नव्हतं. पण तोवर शाल उघडून हवेत गेली होती. ती त्याच्या खांद्यावर पडली तसे त्याने डोळे उघडले. मी सवयीने नारळ पुढे केला. त्याचा एक हात वर तारांवर होता, एक खाली तारांवर. या वाद्याला दोन्ही हात लागतात, हे माझ्या निळ्या कार्डावर लिहिलेलं होतं.

"आजी," तो वाजवता वाजवता मराठीत म्हणाला, "उभ्या राहा थोड्या. आता गेलात तर पडाल."

खरंच, पायाशी वायरींचा गुंता होता. आणि दुपारभर मी या माणसाशी इंग्रजीत बोलले होते.

मी उभी राहिले. समोर तिसऱ्या रांगेत तुमच्या आजोबांनी मफलर तोंडावर ओढला. त्यांच्या शेजारी धाकटी जाऊ मोबाईल उंच धरून बसली होती. तुमचा व्हिडिओ तिचाच.

पुढचं व्हिडिओत नाही. मंच लाकडी आणि आतून पोकळ होता. त्या वाद्याचा आवाज आधी माझ्या तळपायांना कळला, मग गुडघ्यांना, आणि मग हातातला नारळ घुमायला लागला. खरंच घुमत होता. एकेक सूर आला की आतलं पाणी थरथरायचं आणि ते माझ्या तळव्यांना कळायचं. आजोबांचं म्हणणं, थरथरत मीच होते. असेल. घड्याळ डाव्या मनगटावर, मनगट नारळाखाली, त्यामुळे वेळ पाहता येत नव्हती. बारा वर्षं त्या मंचाच्या कडेला बसून मी एकही वादन पूर्ण ऐकलं नव्हतं. मी मिनिटं ऐकत होते.

मग ड्रमवाल्याने काठ्या उचलल्या आणि बाकीचे परत आले. सुरुवातीची धून पुन्हा आली, आपल्याकडे समेवर येतात तशी, आणि मला ती ओळखू आली. माझी मान हलली. नारळही हलला. मी "वा!" म्हणाले, जवळच्या माइकमध्ये, खणखणीत.

संपलं तेव्हा सात छप्पन्न झाले होते. खाली तरुण मंडळी "आणखी एक, आणखी एक" ओरडत होती. चौघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माइक माझा होता. मंच आवरायला चार मिनिटं उरली होती. झटपट केलं असतं तर जमलं असतं. पडद्याआडून डॉक्टर मनगटावर बोट आपटत होते. मला सगळं दिसत होतं, आणि त्याचा अर्थही मला पक्का ठाऊक होता.

"आणखी एक," मी माइकमध्ये म्हणाले. बारा वर्षांतली माझी सगळ्यात छोटी घोषणा.

बाई आठ वाजून चौदा मिनिटांनी गायला बसल्या. भैरवी झाली, पण तराणा राहिला. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं, आणि या वर्षी भाजीवाल्यापाशी मला तेच ऐकायला मिळणार आहे. बाईंनी दोष दिला नाही. म्हणाल्या, "तुमचा 'वा' आत ऐकू आला हो." साऊंडवाला एवढंच म्हणाला, "मी हात केल्ता, मॅडम. थांबा म्हनून."

जाताना मी नारळ गोव्याच्या गृहस्थाला द्यायला गेले. त्याने तो कानाशी नेऊन हलवला, पाणी ऐकलं आणि परत माझ्या हातात दिला. "शाल नेतो. हा तुमचाच. माझ्यापेक्षा जास्त वेळ तुम्हीच धरलात." त्याच्या वड्या केल्या. पाक पुढे गेला आणि कडक झाल्या, आजोबा चहात बुडवून खातात.

दुसऱ्या दिवशी मी न सांगताच कार्डांचा गठ्ठा घेऊन जावेकडे गेले. ती पिवळी, निळी, गुलाबी कार्डं चाळत राहिली.

"ताई, अक्षर किती सुंदर आहे तुमचं," ती म्हणाली. "पण इतकं सगळं कोण वाचणार?"

मी काही दुरुस्त केलं नाही.

मग डॉक्टरांना फोन केला. माइक पोचता झाला, असं सांगितलं. ते जरा हळवे झाले आणि म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुमच्यासाठी राखीव."

"खुर्ची नको," मी म्हणाले. "मंचावर, उजव्या कोपऱ्यात, जिथे ते उंच वाद्य असतं, तिथे एक पाट टाका. आणि एक नारळ द्या."

"नारळ? सत्कार आता वहिनी बघतील. तुम्हाला नारळ कशाला?"

डॉक्टरांना मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं आहे.