मायाक्काची मोजणी

मायाक्का आमच्या शाळेत खिचडी शिजवते. शाळा सांगोल्याच्या माळावर, पट एकतीस, गुरुजी मी एकटाच. रोज सकाळी मी हजेरी घेऊन आकडा फळ्यावर लिहितो. तरी पातेलं चढवण्याआधी ही बाई वर्गाच्या दारात येणार आणि हातातली पळी एकेकाकडे रोखत पोरं मोजणार. पहिलं वर्षभर मला याचा भारी राग यायचा. डी.एड. झालेल्या माणसाचा आकडा हिला चालत नाही म्हणजे काय! मग एकदा ती म्हणाली, "तीसच हायती." शोधाशोध केली, तर हजेरी देऊन बाहेर गेलेली सोनम पाण्याच्या टाकीमागे तापाने निपचित पडलेली. तेव्हापासून मी तोंड मिटून बसतो.

ही खोड तिला कुठून लागली, ते गावाने मला हळूहळू सांगितलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायची. एका संध्याकाळी मेंढरं जाळीत घेताना तिने मोजली, ती ब्याऐंशी भरली. ना एक कमी, ना एक जास्त. समाधानाने जाळी बांधली आणि वळून बघते, तर तिचा चार वर्षांचा जोतिराम कुठेच नाही. सकाळी तो जवळच्या दगडखाणीतल्या पाण्यात सापडला. मेंढरं तिने त्यानंतर कधी मोजली नाहीत.

मागच्या महिन्यात सोलापूरच्या प्रशिक्षणातून मी एक माहितीपट आणला. युद्ध चाललेल्या एका देशातल्या मुलांचा रोजचा दिवस, चौदा मिनिटांचा. त्यात एकही बॉम्ब पडत नाही, म्हणून तर तो वर्गातल्या टीव्हीवर लावायचं ठरवलं. सुरुवातीला सात मुलं एका भिंतीपाशी उभी राहून आपापलं नाव सांगतात. मग पाण्याची रांग, तळघरातली शाळा, बाटलीच्या झाकणांचा खेळ. शेवटी त्याच भिंतीपाशी दोरीवरच्या उड्या. मी तो घरी तीनदा बघितला होता. प्रश्नसुद्धा काढून ठेवले होते: मुले कोणते खेळ खेळतात? पाणी कोठून आणतात?

माहितीपट संपला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मायाक्का दारातच उभी होती, पळी घेऊन.

"गुरुजी, एक कमी हाय."

मी घाईघाईने पोरं मोजली, एकतीस भरली.

"आपली न्हाय वो. त्येंच्यातलं. पिवळ्या स्वेटरचं, फुडचा दात पडल्यालं. पयल्यांदा व्हतं, आता न्हाय."

मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. पिवळा स्वेटर पाण्याच्या रांगेत होता. तळघरातही होता, पेन्सिल चावत बसलेला. झाकणांच्या खेळात मात्र सहाच मुलं, आणि पुढे तो कुठेच नाही. निवेदनात त्याच्याबद्दल चकार शब्द नव्हता. तीनदा बघून, प्रश्न काढूनही मला तो दिसला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

"गुरुजी, मग त्यो कुटं गेला?" ऋतुजाने विचारलं. एकतीस तोंडं माझ्याकडे वळली.

"मामाकडे गेला असेल," मी म्हणालो. दुसरीतल्या पोरीला आणखी काय सांगणार?

पोरं हात धुवायला बाहेर पळाली, तशी मायाक्का आत आली.

"आमच्या जोतिरामाबद्दलबी लोक तसंच म्हनली, गुरुजी. मामाकडं गेला आसंल, यील सकाळी. म्या त्येची भाकर झाकून ठिवली."

माझी मान वर होईना. तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी टीव्ही बंद करायला उठलो.

"बंद नगा करू. पयल्या जागंला न्या की."

मी मागे नेलं.

"हां, हितं थांबवा."

भिंतीपाशी मुलं उभी राहिली, दात पडलेलं पोर तिसरं. मायाक्काने पळी उचलून एकेक मोजलं, अगदी आमची मोजते तसंच. सात भरली.

"हितं समदी हायती," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या आसंच."

आणि ती खिचडी वाढायला गेली. पोरं जेवून वर्गात परत आली, तरी मी टीव्ही बंद केला नव्हता.