आज मी नाही, असं धरा

कुठलीही भरलेली वस्तू समोर आली की भाऊ शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडायचे आणि थेट मधोमध हात घालायचे. "वरचं वरचं दाखवू नका. आत काय हाय ते बघू." दिवाळीला आमच्या गंगापूर रोडच्या घरी आले, तेव्हा चिवड्याच्या डब्यातही त्यांनी असाच हात घातला. बायको अजून ती गोष्ट काढते, आणि माझ्याकडे बघत काढते, जणू हात माझाच होता.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आमच्या भाऊंना मात्र कारण होतं. ते निफाडकडचे, घरी कांद्याची चाळ. कांदा महिनोन् महिने साठवायचा तर अधूनमधून आत हात घालून चाचपावं लागतं. वरचे कांदे नेहमीच छान दिसतात, सड मधे असते. हे शिक्षण आधी घेऊन मग माणूस इंजिनिअर झाला आणि अंबडला आमच्या पंपांच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळू लागला. मी तिथेच हिशेब खात्यात. कॉम्प्युटरमधलं मला एवढंच कळतं की बंद पडला की भाऊंना हाक मारायची.

आमची बिलं, ऑर्डरी, पंपांची ड्रॉइंगं, सगळं क्लाउडवर. म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रांत भाड्याने घेतलेल्या खोल्यांत, असं भाऊ समजावायचे. शेजारच्या एका कारखान्याच्या अशाच खोल्यांत व्हायरस शिरला, सगळं गेलं, आणि लोक हातावर हात धरून बसले. आमचे शेठ घाबरले. भाऊंची निवृत्ती जवळ आली होती. "जाण्याआधी आपल्या बॅकअपचं तेवढं बघून द्या," शेठ म्हणाले. "पण परवडेल असं."

तीन कोटेशनं आली. मी अर्थातच सर्वांत स्वस्तावर बोट ठेवलं.

"हे शीतगृह हाय," भाऊ म्हणाले. "ठेवायला स्वस्त. काढायला गेलं की दिवस जातो, वर काढायचे पैसे वेगळे."

"मग हे दुसरं? लगेच मिळतं म्हणतात."

"लय महाग. आणि कोठार आपल्या खोल्यांच्याच आवारात. आग लागली तर सगळंच जळंल."

"मग करायचं काय?"

"वहिनींना विचारा, कांदे कसे ठेवतात. रोजचे ओट्याखाली, बाकीचे माळ्यावर."

तिसरं कोटेशन तसंच होतं. ताज्या प्रती चटकन हाती येतील अशा जागी, जुन्या शीतगृहात, आणि सगळंच आपल्यापासून लांब, वेगळ्या कुलपात. शेठ म्हणाले, "घेऊन टाका."

"असं कसं? आधी परत काढून बघू."

परीक्षेच्या दिवशी भाऊंनी आम्हाला उभं करून नियम सांगितले. "मूळ मशीन जळालं असं धरा. त्याला हात लावायचा नाय. आणि आज मी नाही, असं धरा."

"म्हणजे रजेवर?" मी विचारलं.

"मेलो."

"अहो, शुभ बोला!" शेठ म्हणाले. पण भाऊ तोवर बाहेर जाऊन खिडकीसमोरच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेसुद्धा.

त्यांच्या हाताखालच्या मृणालने बॅकअपमधून सगळं दुसऱ्या मशीनवर नीट उतरवून घेतलं. मग कुलूप उघडायला पासवर्ड मागितला गेला. तो कोणाकडेच नव्हता. भाऊंनी ठेवलेला; भाऊंच्याच डोक्यात.

मृणाल खिडकीतून ओरडली, "सर, पासवर्ड!" भाऊ समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मी विनवलं. शेठ स्वतः आले, "भाऊ, अहो मी सांगतोय!" पापणी हलली नाही. शेवटी कँटीनच्या मावशी चहा घेऊन गेल्या, तेव्हा कुठे ते बोलले. "मयताला चहा देता का?"

"तोंड तर चालतंय की," म्हणत मावशींनी पेला परत आणला.

सुट्टीचा भोंगा झाल्यावर भाऊ आत आले, चेहरा उतरलेला. "नापास. चूक मयताची. सगळीकडे हात घातला, स्वतःच्या डोक्यात तेवढा घालायचा राहिला."

पासवर्ड त्यांनी मृणालला दिला, शेठना दिला. मला नाही. मी माझा कॅलेंडरवर लिहून ठेवतो, हे त्यांनी पाहिलं होतं.

दुसरी परीक्षा त्यांनी स्वतःच्या शेवटच्या दिवशी ठेवली. आम्ही शाल-नारळ आणला होता, मी भाषण पाठ केलं होतं. "ते मागनं," म्हणाले आणि पुन्हा खुर्ची घेऊन बाहेर गेले. या वेळी मात्र सारखे खिडकीकडे बघत होते.

आत कुलूप उघडलं. बॅकअपमधून परत उभ्या केलेल्या मशीनवर मृणालने मला मालाचं चलन काढायला सांगितलं. मी घाबरत बटण दाबलं. आमचा जुनाट प्रिंटर असा करकरला की गेटपर्यंत ऐकू जावं. चलनावर कालची ऑर्डर, पंपाच्या नंबरासकट. शेठनी टाळ्या वाजवल्या. मी शाल खांद्यावर टाकली, नारळ उचलला आणि बाहेर धावलो.

खुर्ची रिकामी. शेजारी मावशी उभ्या.

"प्रिंटर वाजला तसे उठले," त्या म्हणाल्या. "स्कूटर काढली नि गेले."

"अहो, पण सत्कार?"

"मी बी तेच म्हणलं. तर म्हणाले, 'चालतंय की त्यांचं.' रुमालानं डोळे पुसले अन् मला म्हणले, धूळ लय हाय इथं."

मी गेटपर्यंत पळालो. रस्त्यावर स्कूटर दिसेना. मालासाठी थांबलेल्या ट्रकवाल्याने माझी शाल पाहिली, नारळ पाहिला, धापा पाहिल्या आणि हात जोडले.

"रिटायर झाले का साहेब? तब्येतीला जपा आता."