गाडी आहे की धक्का

डहाणूत आमची इमारत रुळांना इतकी चिकटून आहे की मालगाडी गेली की कपाटातल्या बशा वाजतात. त्या आवाजातच आम्ही जेवलो, अभ्यास केला, भांडलो. पाहुणे दचकायचे आणि आम्हाला हसू यायचं. इमारतीत रेल्वेवाले, शिक्षक, कचेरीतले कारकून आणि तळमजल्यावर एक गुजराती कुटुंब. समोर चिकूची वाडी.

मग काही वर्षांपूर्वी तलासरीकडून भूकंपाचे धक्के यायला लागले आणि आमचं हसू आटलं. बशा वाजल्या की ही गाडी की धक्का, ते कळेना. प्रत्येक गाडीला पळायचं म्हटलं तर संसार जिन्यातच मांडावा लागला असता. म्हणून इमारतीने आपली एक रीत काढली. माझ्या वडिलांना विचारायचं.

बाबांचा जन्म रेल्वेत गेलेला. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून ते बसलेले असत. बशा वाजल्या की तळमजल्यावरच्या मावशी अंगणात येऊन मान वर करत, "काका, गाडी छे?" बाबा क्षणभर कान देत. गाडी म्हणाले की सगळे पुन्हा कामाला लागत, उतरा म्हणाले की अख्खी इमारत वाडीत. वाडीच्या मालकांनी आमच्यासाठी फाटक उघडंच ठेवलं होतं.

निकाल देणाऱ्यालाच तेवढं उतरता येत नव्हतं. गुडघे गेलेले. आम्ही पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत लोक वाडीतून परतत असायचे. तू हो पुढे, असं ते दर वेळी म्हणायचे आणि मी दर वेळी चिडायचे. त्यांच्यावर, पायऱ्यांवर, वाडीत सुखरूप उभं राहून आम्हाला हाका मारणाऱ्यांवर. मला मरायची भीती वाटायची, हे सरळच सांगते. एखाद्या दिवशी आपण त्यांना सोडून पळू, याची त्याहून जास्त वाटायची.

त्या दुपारी मी कुकर लावत होते. बशा वाजल्या, खालून मावशींची हाक आली.

"गाडी आहे," बाबा म्हणाले. "भात शिजू दे."

गाडी होतीच. खिडकीतून मला मालगाडीच्या वाघिणी जाताना दिसत होत्या. पण गाडी जात असतानाच धक्काही आला. त्या खडखडाटात तो बाबांना कळला नाही, कुणालाच कळला नसता. माझा कुकर ओट्यावर सरकला आणि खाली मावशींच्या घरात पितळेची भांडी कोसळली. पाठोपाठ मावशींचं ओरडणं ऐकू आलं. पोटमाळ्यावरचं सगळं त्यांच्या खांद्यावर आलं होतं. हाड मोडलं.

मावशींनी बाबांना एका शब्दाने बोल लावला नाही. उलट हात गळ्यात बांधलेला असताना सुनेकडून तांदळाच्या पिठाचा गरम खिचू करवून वर पाठवला. तुमचा काय दोष, असं जो तो येऊन सांगून गेला. पण पुढच्या वेळी बशा वाजल्या तेव्हा कुणी मान वर केली नाही. सगळे थेट वाडीकडे धावले. बाबा कठड्याला धरून ओरडत राहिले की गाडी आहे, गाडी आहे. ती खरंच गाडी होती. तरी कुणी थांबलं नाही, आणि मला त्या सगळ्यांचा राग आला. त्यांचं चुकलं नव्हतं, म्हणून तर जास्तच आला. संध्याकाळी बाबांनी मला खुर्ची आत घ्यायला लावली.

मध्ये बरेच दिवस शांत गेले. मग एका सकाळी जमिनीखालून काहीतरी घुमलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं. जिन्यात धावपळ सुरू झाली. मी बाबांच्या काखेत हात घातला, पण ते उठेनात. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, "गाडी आहे ना गं?"

खिडकीतून रूळ दिसत होते. रिकामे.

"हो बाबा, गाडीच आहे," मी म्हणाले आणि त्यांच्या पायाशी खाली बसले.