आधी कोलम

रोज सकाळी मोबाइलवर उगवत्या सूर्यासकट येणारे सुविचार मी न वाचता पुसून टाकतो. आमच्या समोरच्या बाई असलं काही पाठवत नाहीत. त्या दारात सडा घालतात, ओणवं होऊन तांदळाच्या पिठाची रांगोळी, म्हणजे कोलम, काढतात आणि दूधवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांना एकाच सुरात बजावतात, "आजचा दिवस चांगलाय!"

आमच्या कुंभकोणमला दारात कोलम दिसला नाही की त्या घरात कुणी गेलं, असं समजतात. यजमान हृदयाच्या दुखण्यानं इस्पितळात होते, तेव्हाही बाई पहाटे रिक्षानं यायच्या आणि कोलम काढून परत जायच्या.

"एवढी धावपळ कशाला?" मी विचारलं.

"दार रिकामं दिसलं तर गल्ली रडायला येईल, अण्णा. आणि ते तर घरी यायचेत."

एक दिवस ऊन चढलं तरी दार कोरडंच होतं. असल्या समजुतींवर माझा विश्वास नाही, तरी मी अनवाणीच बाहेर येऊन उभा राहिलो.

तेवढ्यात रिक्षा आली. आत बाईंशेजारी यजमान होते, वाळलेले, पण हसत. ते उतरू लागले तशा बाई ओरडल्या, "थांबा हो! कोलम काढायचाय अजून!"

ते मुकाट्यानं बसून राहिले. सड्याची बादली मी भरून आणली.